पिकअप उचलल्यावर ब्रेक नुसता पुढेच लागतोय? आधी मागचा लोड व्हॉल्व्ह बघा

पिकअपला दोन-अडीच इंचाचं लिफ्ट किट टाकलं, वर जाडजूड टायर चढवले, गाडी दिसायला एकदम रुबाबदार झाली, आणि मग थोड्याच दिवसांत बोंब सुरू होते की ब्रेक मारला की नाक खाली जातं, पुढची चाकं चीं करून लॉक होतात आणि मागचं काही धरतच नाही. कधी उलटंही होतं, रिकामी गाडी, पावसाचा रस्ता, जरा जोरात ब्रेक दाबला की मागचा भाग आडवा. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं, "उंच केली ना गाडी, आता बॅलन्स गेला, असंच चालणार." नाही हो, असंच चालणार नाही. नुसत्या उंचीने ब्रेकचा बॅलन्स एवढा बिघडत नाही. बिघडतं ते उंची बघून मागचा ब्रेक ठरवणाऱ्या एका व्हॉल्व्हचं गणित, आणि ते घरच्या घरी तपासता येतं.

आधी हिशोबच करून टाकू म्हणजे वाद नको. समजा गाडी १९०० किलोची, पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर, वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट, तर मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकणारं वजन होतं १९०० गुणिले ०.६ गुणिले ०.७० भागिले ३, म्हणजे २६६ किलो. आता गाडी दोन इंच उचला, मध्यबिंदू ७५ सेंटिमीटर धरा, तर येतात २८५ किलो. फरक १९ किलोचा! टोमॅटोचं एक क्रेट पण भरत नाही राव. एवढ्याने कुणाच्या गाडीचा मागचा ब्रेक गायब होत नाही. मग जातो कुठे?

मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, चॅसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघून अ‍ॅक्सलला जोडलेली असते. कागदोपत्री नाव लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, बोलताना लोड व्हॉल्व्ह. काम साधं आहे. माल भरला की मागचे पाटे (सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्या) दबतात, चॅसिस अ‍ॅक्सलच्या जवळ येते, दांडी ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की चॅसिस वर, दांडी सैल, मग एका ठराविक प्रेशरनंतर तो मागचं प्रेशर कापतो, नाहीतर हलकी मागची चाकं लगेच लॉक होऊन गाडी फिरेल. थोडक्यात त्या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. तुम्ही मागे पाट्याखाली लोखंडी ठोकळा टाकून किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) लावून ते अंतर दोन इंचांनी वाढवलं की त्याच्या दृष्टीने गाडी कायम रिकामी, रिकाम्याहून रिकामी. मग तुम्ही पिंपळगावच्या मार्केटला जायला टन-सव्वाटन माल भरा, तो मागचा ब्रेक कापतच बसणार, सगळा भार पुढच्या डिस्कवर.

आणि हे फक्त शौकीन लोकांचं दुखणं नाही बरं का. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नर साईडला कितीतरी पिकअपवाल्यांनी लिफ्ट किटचं नावही ऐकलेलं नसतं पण मागे दोन जादा पाटे टाकून घेतलेले असतात, माल जास्त बसावा म्हणून. तिथे दुहेरी नुकसान होतं. एक तर मागची बाजू वर येते, आणि पाटे कडक झाल्याने माल भरल्यावरही पूर्वीइतकी खाली बसत नाही, मग दांडी ढकलली जाणार कशी? जास्त मालासाठी पाटे टाकले आणि नेमका माल असतानाच मागचा ब्रेक कमी झाला, अशी ही गंमत.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, कारण इथे पुष्कळ जण चुकीचा माग काढत बसतात. गाडी नुसत्या मोठ्या टायरने उंच झाली असेल तर लोड व्हॉल्व्हचा संबंध नाही, कारण टायरबरोबर अ‍ॅक्सल पण वर येतो, अ‍ॅक्सल-चॅसिस अंतर तेवढंच राहतं. बॉडी लिफ्टमध्येही तसंच, तिथे बॉडी चॅसिसपासून उचललेली असते. फक्त पुढून टॉर्शन बार (पुढे स्प्रिंगचं काम करणारी सळई) आवळून गाडी लेव्हल केली असेल तरी मागचा व्हॉल्व्ह जवळपास जिथल्या तिथे असतो. व्हॉल्व्ह फसतो तो मागचं सस्पेन्शन उचलल्यावरच. आणि गाडीला एबीएस-ईबीडी (चाक लॉक होऊ न देणारी आणि पुढे-मागे ब्रेक वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर बहुतेक वेळा हा व्हॉल्व्ह नसतोच, मागचं प्रेशर चाकांचा वेग बघून कॉम्प्युटर ठरवतो. अशा गाडीत आधी चारही टायर एकाच मापाचे आहेत का आणि लिफ्टमुळे चाकाच्या सेन्सरची वायर ताणली गेलीय का ते बघा.

मोठ्या टायरचं दुखणं वेगळं आहे. २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ टाकला तर टायरचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटरवरून ८०४ वर जातो, ७ टक्के वाढ. डिस्क आणि ड्रम तेवढेच राहिले, म्हणजे तेवढ्याच थांबण्यासाठी पेडल ७ टक्के जास्त दाबायला लागणार. शिवाय स्पीडोमीटर कमी दाखवतो, काट्यावर ८० असताना गाडी ८५-८६ ने चाललेली असते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणून ब्रेकला १५ टक्के जास्त काम. पण ह्याने सगळाच ब्रेक कमी वाटतो, पुढे-मागे बॅलन्स बिघडत नाही. तुमची तक्रार नक्की कुठली हे आधी ओळखा, नाहीतर पॅड बदलत बसाल.

आता तपासायचं कसं

पहिल्यांदा सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, गाडी रिकामी. खाली वाकून त्या व्हॉल्व्हच्या दांडीकडे नीट बघा. निम्म्या केसेस इथेच निकालात निघतात. दांडी तुटलेली असते, रबर बुश गळून पडलेला असतो, लिफ्ट टाकताना कुणीतरी दांडी सोडून परत जोडायलाच विसरलेला असतो, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे तारेने वर बांधून ठेवलेली असते. ही तार बांधायची आयडिया बऱ्याच ठिकाणी मिळते, "मागे फुल ब्रेक करून देतो" म्हणतात. होतो की फुल, पण कायमचा फुल. रिकाम्या गाडीने घोटी-इगतपुरीच्या पावसात एकदा दचकून ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक, आणि मागची चाकं लॉक झालेली गाडी सरळ राहत नाही, ती फिरते. पुढची लॉक झाली तर गाडी निदान सरळ घसरते, तेही वाईटच, पण पेडल सोडून सावरता येतं. कोरड्या रस्त्यावर रिकाम्या गाडीत पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी लॉक व्हावीत, कंपनी हाच बॅलन्स देते आणि तुम्हाला परत तिथेच यायचंय. तार दिसली की कापा आणि दांडी जागेवर जोडा.

दांडी ठीक असेल तर ती हलते का बघा. दुसऱ्या माणसाला मागच्या हौद्यात चढवून उड्या मारायला सांगा, तुम्ही खालून बघा, दांडी सरकली पाहिजे आणि व्हॉल्व्हचा दट्ट्या आत-बाहेर झाला पाहिजे. गंजून जाम झालेला व्हॉल्व्ह असतो, विशेष करून जी गाडी चिखलात फिरते आणि धुतली जात नाही तिच्यात. जाम असेल तर तेल मारून, ठोकून सोडवायच्या भानगडीत पडू नका, व्हॉल्व्ह बदला, आत सील असतात आणि ते गेले की ब्रेक ऑइल गळतं.

मग येते उष्णतेची टेस्ट, माझी सगळ्यात आवडती, कारण खोटं बोलत नाही. लांबून तापमान सांगणारी बंदुकीसारखी थर्मामीटर आता स्वस्तात मिळते, ती घ्या. रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगातून आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, लॉक होईल इतका नको, मग बाजूला थांबून लगेच चारही चाकांच्या डिस्क-ड्रमचं तापमान घ्या. पुढचं मागच्यापेक्षा जास्त असणारच, त्यात घाबरायचं काही नाही. पण पुढच्या डिस्क चांगल्या तापल्यात आणि मागचे ड्रम हाताला जेमतेम कोमट, तर मागे ब्रेक पोचत नाहीये. पुढच्याच दोन चाकांत डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर तो बाजूला ओढण्याचा प्रश्न, लोड व्हॉल्व्हचा नाही. आणि ब्रेक न मारता दहा मिनिटं चालवूनही मागचा ड्रम तापला तर तो घासतोय.

हे घासणं लिफ्टवाल्या गाड्यांत फार वेळा असतं आणि त्याचं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही, ते म्हणजे हँडब्रेकची केबल. अ‍ॅक्सल खाली गेला, केबल तेवढीच राहिली, म्हणजे ती कायम ताणलेली, म्हणजे मागचे लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे) कायम थोडे उघडलेले. काही गाड्यांत तर ह्यामुळे लायनर आपोआप जुळवणारा ऑटो-अ‍ॅडजस्टर काम करायचं थांबवतो, मग आधी लायनर घासून जातात आणि नंतर पेडल लांब जायला लागतं. म्हणून क्रम असा ठेवा, हँडब्रेकची केबल पूर्ण सैल, मग ड्रममधले लायनर अ‍ॅडजस्ट करा, चाक हाताने फिरवताना अगदी हलकं खरखर लागेल इतके, आणि सगळ्यात शेवटी केबल. उलट क्रमाने केलं तर केबलच अ‍ॅडजस्टरचं काम करत बसते. केबल कमीच पडत असेल तर तिचे ब्रॅकेट खाली घ्या नाहीतर लांब केबल टाका.

गाडी जॅकवर उचलून, चाक हाताने फिरवत, कुणालातरी पेडल दाबायला सांगून "बघा, मागचा ब्रेक लागतोय की" असं दाखवणारे मिस्त्री भेटतील. त्याने फक्त ऑइल मागे पोचतंय एवढंच कळतं. लोड व्हॉल्व्ह कमी प्रेशरला सगळं सोडतोच, कापतो तो पुढे जोर वाढल्यावर. खरं बघायचं तर ज्यांच्याकडे प्रेशर गेज आहे त्यांच्याकडून पुढे आणि मागे गेज लावून, गाडी रिकामी आणि माल भरून, दोन्ही वेळा आकडे घ्यायचे आणि सर्व्हिस मॅन्युअलशी जुळवायचे. नाशिकला द्वारका, अंबड भागात गॅरेज भरपूर आहेत पण गेज लावणारे थोडेच, आधी फोन करून विचारा.

दुरुस्ती

तत्त्व एकच, जेवढी लिफ्ट तेवढीच दुरुस्ती. मागे दोन इंच लिफ्ट असेल तर दांडीचं अ‍ॅक्सलकडचं टोक दोन इंच वर आणायचं, नाहीतर चॅसिसवरचा व्हॉल्व्ह दोन इंच खाली. बहुतेक वेळा अ‍ॅक्सलकडच्या ब्रॅकेटखाली मजबूत स्पेसर टाकणं सोपं पडतं, ५ मिलिमीटर जाड पट्टीचं ब्रॅकेट कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल, बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या. मोजमाप घेताना लिफ्टच्या बॉक्सवर लिहिलेला आकडा धरू नका. जुने पाटे बसलेले असतात, नवीन कडक असतात, म्हणून दोन इंचाच्या किटने प्रत्यक्षात अडीच इंच गाडी उचललेली असू शकते. अ‍ॅक्सलच्या नळीपासून चॅसिसपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, आणि अजून लिफ्ट टाकायचीच असेल तर आधी हे मोजून मोबाईलमध्ये फोटोसकट ठेवा, नंतर ह्याची किंमत कळेल. आधीचं माप नसेल तर तशीच ओरिजिनल गाडी कुणाकडे असेल तिचं घ्या.

दांडी वाकवून भागवू नका. वाकवलेली दांडी पाटे पूर्ण दबल्यावर कुठे अडकेल सांगता येत नाही, आणि खड्ड्यात गाडी आपटली की उलटी फिरून भलत्याच बाजूला बसू शकते. ब्रॅकेट लावल्यावर अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळवून आणि नंतर बंप स्टॉपपर्यंत (पाटे पूर्ण दबल्यावर टेकतो त्या रबरापर्यंत) दाबून, दोन्ही टोकांना दांडी मोकळी हलते का बघाच. व्हॉल्व्हवरच्या नटाने पण थोडं अ‍ॅडजस्टमेंट मिळतं पण ते बारीक फरकासाठी आहे, दोन इंच त्याने भरून काढायला जाऊ नका.

ह्याच वेळी होस पाईप बघून घ्या. मागे चॅसिसवरून अ‍ॅक्सलवर येणारा रबरी होस आणि पुढचे दोन, चाकं लोंबकळत असताना ताणलेले नकोत, पुढचे तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. ताणलेला होस आज फुटत नाही, आतून चिरतो आणि मग प्रेशर जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, चाक धरून ठेवतो, आणि माणूस कॅलिपर बदलत बसतो. होस कमी पडत असेल तर लांब होस टाका, प्लास्टिकच्या पट्टीने बांधून जुळवू नका.

आता ब्रेकच्या पाईपमधली हवा काढणं. इथे एक चूक सर्रास होते, गाडी चॅसिसखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावून उचलतात, मागचा अ‍ॅक्सल लोंबकळतो, लोड व्हॉल्व्ह समजतो गाडी एकदम रिकामी, आणि मागे नीट ऑइल जात नाही, हवा अडकून राहते. घोडी अ‍ॅक्सलखाली लावा, किंवा गाडी चाकांवर उभी ठेवूनच काढा. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) आपल्याकडे उजव्या बाजूला, म्हणून मागचं डावं चाक सगळ्यात लांब, तिथून सुरू करायचं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो ऐका, आणि काही व्हॉल्व्हवर स्वतःची हवा काढायची निप्पल असते ती विसरू नका. ऑइल झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे ग्रेड, डॉट ३ नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, पण ओल शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, म्हणून दोन वर्षं झाली की बदला. ज्याचा मागचा ब्रेक काम करत नाही अशी भरलेली गाडी कसारा घाट किंवा नांदुरीकडचा सप्तशृंगीचा घाट उतरते तेव्हा सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये, आणि पेडल अचानक मऊ पडतं ते ह्या उकळलेल्या ऑइलमुळे. बॅलन्स नीट असला तरी घाटात खालचा गिअर हवाच, ते वेगळं सांगायला नको.

बाजूला ओढत असेल तर

ह्याचा लोड व्हॉल्व्हशी काही संबंध नाही, तो दोन्ही मागच्या चाकांना सारखंच देतो. आधी टायरची हवा, मग पुढच्या कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, मग तो वर सांगितलेला आतून चिरलेला होस. मागे एका बाजूचं अ‍ॅक्सल सील गळून लायनरवर तेल आलं असेल तर ते लायनर धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूचे नवीन टाका आणि आधी सील बदला. लिफ्टनंतर व्हील अलाइनमेंट केलं नसेल तर ब्रेकला दोष देऊ नका, कॅस्टर (पुढच्या चाकाचा पुढे-मागे कल) बदललेला असतो. पाण्यातून, भाताच्या चिखलातून गाडी काढल्यावर थोडा वेळ ओढणं साहजिक आहे, हलका ब्रेक दाबत शंभर-दोनशे मीटर चालवा, सुकतं. दुसऱ्या दिवशीही ओढलं तर ड्रम उघडा, आत गाळ बसलेला असेल. हवेने फुंकू नका, ती धूळ छातीत जाते, ब्रेक क्लीनरने धुवा.

ब्रेक मारताना मागून धडधड येत असेल आणि पाट्याखाली ठोकळे असतील तर अ‍ॅक्सल स्वतःभोवती पीळ खातोय. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नको, पुढच्या अ‍ॅक्सलला तर एकही नको.

शेवटची टेस्ट

सुट्टीच्या दिवशी सकाळी एखादा मोकळा, सरळ, कोरडा रस्ता बघा, मागे कुणी नाही ना खात्री करा, एक माणूस बाहेर लांब उभा करा. आधी ३० वर, मग ५० वर, रिकाम्या गाडीने जोरात ब्रेक. बाहेरच्या माणसाने फक्त एवढंच बघायचं की कुठलं चाक आधी थांबलं. पुढचं किंचित आधी, छान. मागचं आधी, तर दुरुस्ती जास्त झाली, ब्रॅकेट थोडं खाली घ्या. मग पाचशे किलो टाका, २० किलोचे पंचवीस क्रेट घट्ट बांधून, आणि परत तेच. माल असताना नाक कमी डुबलं पाहिजे आणि मागचे ड्रम थर्मामीटरवर आधीपेक्षा स्पष्ट जास्त दिसले पाहिजेत. नाही दिसले तर व्हॉल्व्ह आतून गेलाय, बदला.

कागदाचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. नाशिकच्या पेठ रोडला आरटीओत पासिंगला गेल्यावर किंवा विम्याच्या क्लेमच्या वेळी हा विषय निघू शकतो, तेव्हा लिफ्ट अजून टाकली नसेल तर आधी ह्याचा विचार करा. टाकलेलीच असेल आणि ब्रॅकेट बसवून झालं असेल तर पाचशे किलोमीटरने यू-बोल्ट परत टॉर्कला आवळा आणि ते अ‍ॅक्सल-चॅसिस अंतर पुन्हा मोजा, नवीन पाटे थोडे बसतात, मग व्हॉल्व्हवरचा तो नट अर्धा-एक फेरा फिरवून जुळवून घ्या.